एक दमदार मॅग्नेट घरात ठेवा, खूप कामं होतात

मॅग्नेट म्हटलं की फ्रिजवर लाईटबिल चिकटवायचं, बास, एवढंच डोक्यात येतं. पण माझ्या मते त्याचा खरा उपयोग वस्तू शोधायला आणि तपासायला होतो. त्यासाठी ते शोभेचं रबरी मॅग्नेट चालणार नाही, निओडिमियमवालं (निओडिमियम नावाचा धातू असलेलं, खूप जोरदार) पाहिजे. बंद पडलेली जुनी हार्ड डिस्क असेल (ती गोल तबकड्यांची, एसएसडी नाही) तर ती खोला, आत पत्र्याला चिकटवलेले जबरदस्त मॅग्नेट मिळतात.

सगळ्यात भारी युक्ती पिशवीची. सुई पडली, खिळ्यांचा डबा सांडला किंवा ड्रिल करताना लोखंडाचा कीस उडाला, तर मॅग्नेट नुसतं फिरवू नका, कीस एकदा चिकटला की निघता निघत नाही, अक्षरशः नखांनी खरवडत बसावं लागतं. मॅग्नेट आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, मग जमिनीवरून फिरवा, सगळं पिशवीला बाहेरून चिकटतं, मग पिशवी तशीच उलटी करून मॅग्नेट बाहेर ओढून घ्या, कचरा आपोआप आत राहतो. कपाटामागे काही पडलं तर पट्टीच्या टोकाला मॅग्नेट टेपने बांधून आत सरकवायचं.

प्लायवुड किंवा जिप्सम बोर्डमधे खिळे, स्क्रू नक्की कुठे लपलेत हे बघायचं असेल तर मॅग्नेट दोऱ्याला बांधून पृष्ठभागाजवळून हळूहळू न्या, स्क्रू आला की ते तिकडे ओढलं जातं. जाड प्लास्टरच्या भिंतीत मात्र याच्यावर भरवसा ठेवून ड्रिल मारू नका.

भांडं इंडक्शनवर चालेल का? बुडाला मॅग्नेट लावा, घट्ट चिकटलं तर चालेल. बुडालाच हं, कडेला नाही, कारण काही भांड्यांना फक्त खाली वेगळी प्लेट असते. ॲल्युमिनियम, तांबं, पितळेला चिकटणार नाही. आणि मॅग्नेट चिकटलं म्हणजे स्टील नकली असं काही जण छातीठोक सांगतात, ते चूक. ३०४ ग्रेडला साधारणपणे चिकटत नाही, ४३० ला चिकटतं, दोन्ही स्टेनलेस स्टीलच.

स्क्रूड्रायव्हरला स्क्रू चिकटून राहावा असं वाटत असेल तर दांड्यावर मॅग्नेट मुठीकडून टोकाकडे घासा, टोकाला आलं की उचला आणि परत मुठीपासून सुरू करा, असं २०-३० वेळा. मागे-पुढे घासलंत तर काही उपयोग नाही.

दोन मॅग्नेट एकमेकांना चिकटले तर सरळ ओढू नका, बाजूला सरकवून सोडवा, आणि जवळ आणताना बोट मधे नको, कातडी चिमटून रक्त येतं आणि मॅग्नेटही काचेसारखं फुटतं. साधं निओडिमियम ८० अंशांच्या वर तापलं की जोर कायमचा कमी होतो म्हणून शेगडीजवळ नको. काळी पट्टी असलेल्या कार्डापासून लांब, पेसमेकर असलेल्या माणसापासून तर कमीत कमी १५ सेंटीमीटर लांब. आणि लहान मुलं असतील तर छोटे गोळीसारखे मॅग्नेट घरात आणूच नका, दोन गिळले तर ते पोटात आतड्याच्या आरपार एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.