एमआरआय बंद पडतं ते गच्चीवरून: इमेजिंग सेंटर चालवताना या चुका टाळा

दादरच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर आमचं सेंटर होतं. मे महिन्यातला सोमवार, सकाळचे साडेसात. एमआरआयची खोली पुसायला गेलेले मामा बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, मशीनची चिकचिक ऐकू येत नाही."

स्कॅन चालू नसला तरी मशीन आतून थंड ठेवणाऱ्या कोल्ड हेडचा तो आवाज चोवीस तास चालू असतो. मी गच्चीवर धावलो. चिलर बंद! रविवारी सोसायटीची टाकी धुवायला आलेल्यांनी आमचा स्विच खाली केला होता आणि जाताना वर करायचं विसरले होते.

मॅग्नेट रात्री किंवा रविवारी सुटीवर जात नाही. आतलं द्रवरूप हेलियम उणे 269 अंशांच्या आसपास असतं. उडू पाहणारं हेलियम पुन्हा द्रव करायचं काम कोल्ड हेड करतं, आणि त्याच्या कॉम्प्रेसरला थंड पाणी पुरवतो चिलर. तो थांबला की कॉम्प्रेसर ट्रिप होतो, आतला दाब वाढतो आणि हेलियम पाइपातून हवेत जायला लागतं. हे हेलियम परदेशातून येतं. भरून घेतल्यावर जे बिल आलं, ते मालकांपुढे ठेवायला मी दुपारच्या चहाची वाट पाहिली होती.

म्हणून गच्चीवरच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावा. चिलर थांबला की तिघांच्या मोबाइलवर अलार्म वाजेल अशी सोय करा. हेलियमची पातळी आणि दाब रोज दोनदा वहीत लिहायला लावा, रविवारीसुद्धा. चिलर बंद पडल्यावर कॉम्प्रेसरला साध्या पाण्याची बायपास लाइन देता येत असेल, तर ती टाकीवरून घ्या. आपल्याकडे नळाला पाणी ठरलेल्या वेळीच येतं. माहीम-वरळीच्या खाऱ्या हवेत चिलरच्या कंडेन्सरची जाळी लवकर खाल्ली जाते, तेव्हा ती पावसाळ्याआधी आणि नंतरही तपासा.

करार करताना सेल्समनच्या तोंडाकडे बघू नका, वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, साधारणपणे फक्त मजुरी येते, सीएमसीत, म्हणजे सर्वसमावेशक करारात, सुटे भागही. तरीही सीटीची ट्यूब, हेलियम आणि यूपीएसच्या बॅटऱ्या हळूच बाहेर ठेवलेल्या असू शकतात. "95 टक्के अपटाइम" ऐकायला छान वाटतं, पण त्याचा अर्थ वर्षातले 18 दिवस मशीन बंद राहिलं तरी कंपनीने करार पाळला.

आता काउंटरवरची चूक. ही सगळ्यात स्वस्तात होते आणि सगळ्यात महाग पडते. टेक्निशियन घाईत मशीनवरच नाव टाइप करतो. एकदा "सुनीता पाटील", पुढच्या वेळी "पाटील सुनीता आर". पॅक्समध्ये, म्हणजे स्कॅन साठवणाऱ्या संगणक यंत्रणेत, या दोन वेगळ्या बायका झाल्या. रेडिओलॉजिस्टला मागच्या वर्षीचा सीटी दिसत नाही आणि जुनी गाठ नवी ठरते. मोबाइल नंबरवर ओळख ठेवू नका. चाळीत अख्खं घर एकच नंबर देतं. प्रत्येकाला कायमचा नोंदणी क्रमांक द्या आणि नाव वर्कलिस्टवरूनच, म्हणजे काउंटरवरच्या नोंदणीतून आपोआप येणाऱ्या यादीवरूनच, मशीनवर येऊ द्या. पेशंटला "तुम्ही पाटील ना?" असं विचारू नका. उपाशीपोटी दोन तास बसलेला माणूस कशालाही मान हलवतो. नाव आणि वय त्यालाच सांगू द्या.

सोनोग्राफी असेल तर एफ फॉर्मकडे, म्हणजे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या फॉर्मकडे, दुर्लक्ष परवडणार नाही. रिकामा रकाना म्हणजे कारकुनी चूक, असं अनेक डॉक्टरांना आजही वाटतं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद मान्य केला नाही. माझ्या मते कडक असला तरी हा नियम योग्यच आहे. मागच्या महिन्याचा अहवाल 5 तारखेपर्यंत गेला पाहिजे. मशीन, जागा किंवा कर्मचारी बदलायचा असेल तर 30 दिवस आधी कळवायचं असतं. "मशीन येऊ दे, मग बघू" हे इथे चालत नाही.

कर्मचाऱ्याला किती रेडिएशन लागलं ते मोजणाऱ्या टीएलडी बॅजचंही बघा. ड्यूटी संपल्यावर तो एक्स-रेच्या खोलीत अॅप्रनलाच लटकत राहिला, तर न घेतलेला डोस माणसाच्या नावावर चढतो. आणि लेड अॅप्रन घडी घालून ठेवू नका, आतून तडकतो.

राहिला स्कॅन साठवणारा सर्व्हर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही. तरी जिन्याखालच्या जागेत सर्व्हर ठेवलेली सेंटर मी आजही बघतो. तो वरच्या मजल्यावर न्या. "आमच्याकडे रेड आहे", म्हणजे एकाच सर्व्हरमध्ये जोडीच्या डिस्क आहेत, म्हणून निर्धास्त राहू नका. एक डिस्क गेली तर रेड वाचवेल. पाणी शिरलं किंवा फायली लॉक करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं तर नाही. त्याच नेटवर्कला जोडलेली दुसरी पेटीही सोबतच लॉक होते. एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली आणि दुसऱ्या इमारतीत हवी. महिन्यातून एकदा एखादा जुना सीटी त्या प्रतीवरून उघडून बघा आणि किती मिनिटं लागली तेही हेलियमच्याच वहीत लिहा.