भरतीचा आलेख बसवताना ± किती लिहावं?

ओहोटीलाही टोक पाण्यात राहील अशी सेंटिमीटरच्या खुणांची काठी जेटीला बांधा आणि दर तासाला पाण्याची उंची वहीत लिहा. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरात बोट गेली की काठीभोवती पाणी हेलकावतं, म्हणून मिनिटभर बघून मधला आकडा घ्या. तो किती चुकला असेल, ३ सेंमी की १० सेंमी, हेही तिथेच लिहा. घरी आल्यावर ते आठवत नाही आणि पुढचं सगळं त्यावरच उभं असतं.

आता सूत्र बसवा, म्हणजे नोंदींशी जुळतील असे त्यातले आकडे शोधा: सरासरी पातळी, अधिक चंद्राची १२.४२ तासांची लाट. सायपाय या पायथनच्या गणिती संचातलं कर्व्ह-फिट हे काम करतं आणि उत्तरांसोबत सहप्रसरणाचा तक्ता (कोणतं उत्तर किती आणि कोणासोबत हलू शकतं ते) देतं; त्याच्या कर्णावरच्या आकड्यांची वर्गमुळं म्हणजे ±, प्रत्येक उत्तर किती इकडेतिकडे असू शकतं तो आकडा. तुमची चूक खऱ्या सेंटिमीटरांत आहे हे त्याला ‘ॲब्सोल्यूट सिग्मा’ लावून सांगावं लागतं. पुष्कळ जण इथेच थांबतात. कृपा करून थांबू नका.

मोजलेल्या उंचीतून सूत्राची उंची वजा करा आणि उरलेला फरक वेळेसमोर मांडा. आपल्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, त्यामुळे फरकात दिवसाची एक लाट उरलेली दिसेल. २३.९३ आणि २५.८२ तासांच्या लाटा सूत्रात घाला. तरीही अधिक-अधिक-अधिक असे सलग पट्टे उरतातच, कारण वारा पाणी तासन् तास एका बाजूला लोटतो. म्हणजे शंभर नोंदी या शंभर स्वतंत्र साक्षी नव्हेत, आणि तक्त्यातला ± खोटा लहान येतो.

यावर बूटस्ट्रॅप करा, म्हणजे आपल्याच नोंदींतून पुन्हा पुन्हा निवड करून उत्तर किती हलतं ते बघा. संख्याशास्त्रज्ञ एफ्रन यांनी १९७९ साली मांडलेली ही रीत इथे थोडी बदलून वापरायची. फरकाचे सलग तुकडे पाडा, प्रत्येक तुकडा पट्ट्यापेक्षा लांब. चिठ्ठ्या उचलाव्यात तसे तुकडे उचला, एकच पुन्हा आला तरी चालेल. ते ओळीने सूत्राच्या उंचीत मिळवा आणि सूत्र नव्याने बसवा. असं १००० वेळा. उत्तरं चढत्या क्रमाने लावून दोन्ही टोकांची २५-२५ सोडा. उरली ती ९५ टक्क्यांची मर्यादा.

उधाण (सर्वांत मोठ्या भरत्यांचे दिवस) आणि भांग (सर्वांत लहान भरत्यांचे) पकडायला सूर्याची १२ तासांची लाटही हवी. दोन दिवसांच्या नोंदींत ती चंद्राच्या लाटेपासून सुटत नाही: एक वाढवली की दुसरी तिची भरपाई करते आणि दोघींचे ± फुगतात. त्यांना वेगळं करायला १४.७७ दिवस लागतात, उधाण ते उधाण. रात्रीच्या पाळ्या घरात वाटून घ्या.