गाडीची हत्यारं घेताना या चुका टाळा

एकशे आठ नगांचा संच घेऊ नका. काळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत चकचकीत मांडलेला, सवलतीत मिळणारा हा संच म्हणजे घरी गाडीची कामं करू पाहणाऱ्याची पहिली चूक, आणि नवं गॅरेज टाकणाऱ्या पोरांचीही. त्यातले नग मोजून बघा. बरेचसे स्क्रूड्रायव्हरचे बिट असतात, मग चार-पाच मिलीमीटरच्या गोट्या (नटावर बसवायचे सॉकेट), ज्या तुमच्या गाडीवर कुठेच बसत नाहीत. आणि रोज लागणारी १०ची गोटी बाकीच्यांइतक्याच हलक्या पोलादाची निघते. हत्याराचा जो भाग नटाला टेकतो, पैसा तिथे जायला हवा. नगांची संख्या, हँडलचा रंग, पेटीचा थाट हे सगळं नंतर.

दुकानात जायच्या आधी गाडीपाशी वही घेऊन बसा आणि कुठल्या बोल्टचं डोकं किती मिलीमीटरचं ते लिहून काढा. होंडा, यामाहा, सुझुकी यांच्या घराण्यातल्या गाड्या, म्हणजे जुन्या हीरो होंडापासून मारुतीपर्यंत, बहुतांशी जपानी मापांवर चालतात: एम६ (म्हणजे ६ मिमी जाडीच्या) बोल्टला १०चं डोकं, एम८ला १२, एम१०ला १४, एम१२ला १७. युरोपीय घराण्यातल्या गाड्यांत तोच एम८ बहुधा १३चा, एम१० १६चा आणि एम१२ १८चा निघतो, शिवाय जागोजागी टॉर्क्सचे सहा पाकळ्यांचे बोल्ट. म्हणून मित्राने दिलेली यादी तुमच्या कामाची असेलच असं नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या जपानी वळणाच्या मोटरसायकलचं बहुतेक काम ८, १०, १२, १४ आणि १७ एवढ्यावर उरकतं. एक्सलसाठी एखादं मोठं माप वाढतं, ते गाडीवर मोजूनच घ्या. स्पार्क प्लगचा पाना वेगळा: बाइकच्या १० मिमी आट्यांच्या प्लगला १६चा, १२च्या आट्यांना १८चा, १४च्या आट्यांना २१चा. एनजीके कंपनीच्या प्लगवर पहिलं अक्षर सी, डी किंवा बी असतं, त्यावरून अनुक्रमे हीच तीन मापं कळतात.

इंची आणि मेट्रिक गोट्या मिसळू नका. १९ आणि पाऊण इंच एकमेकांना चालून जातात, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५. पण १३ची गोटी अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७च्या नटावर बसली तरी ढिली बसते आणि जोर लावला की कोपरे घेऊन येते.

पाने मागितले की दुकानदार फिक्स, म्हणजे उघड्या तोंडाच्या, पान्यांचा आठ नगांचा संच पुढे करतो, ६-७ पासून २०-२२ पर्यंत. तो वाईट नाही, पण पहिली खरेदी म्हणून चुकीचा आहे. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. घट्ट नटावर जोर आला की त्याचं तोंड केसभर उघडतं आणि नट गोल व्हायला तेवढं पुरतं. आधी रिंग (नटाला चहूबाजूंनी वेढणारा पाना) किंवा गोटी, नट सैल झाला की मग फिक्स. एकच संच परवडत असेल तर कॉम्बिनेशन घ्या, एका टोकाला रिंग, दुसऱ्याला फिक्स, दोन्ही एकाच मापाची. गोट्या सहा कोनांच्याच घ्या. बारा कोनांची गोटी अरुंद जागेत सोयीची असते, पण गंजलेल्या, झिजलेल्या डोक्यावर तीच घसरते. आपल्याकडे चांगल्या पान्यांची टंचाई अजिबात नाही. टापारियाचा कारखाना नाशिकला आहे, जालंधर-लुधियाना तर हत्यारांचीच गावं. फिक्स पान्यावर भारतीय मानकाचा आयएस २०२८ आणि रिंगवर आयएस २०२९चा शिक्का शोधा, आणि नावातलं एखादं अक्षर बदलून विकलेला माल परत ठेवा.

प्लस स्क्रूवर कुठलाही स्क्रूड्रायव्हर

या एका चुकीने जितके पार्ट वाया जातात तितके दुसऱ्या कशानेही जात नसतील, म्हणून ती नीट उलगडून सांगतो.

केस नेहमीची आहे. डिस्क ब्रेकचं ऑइल बदलायचं म्हणून एकजण हँडलवरच्या मास्टर सिलेंडरचं, म्हणजे ब्रेक ऑइल भरलेल्या भागाचं, झाकण उघडायला बसतो. झाकणाला दोनच छोटे स्क्रू, सपाट बुडालेल्या डोक्याचे. स्क्रू पोलादाचा, बॉडी अॅल्युमिनियमची, आणि दोन-चार पावसाळे दोन्हींच्या मधे पाणी मुरलेलं, त्यामुळे आटे पांढऱ्या क्षाराने जाम. घरातला प्लस स्क्रूड्रायव्हर लावून तो पिळतो. टोक वर उचललं जातं, कर्र आवाज होतो आणि खाचेच्या कडा उडतात. तो जास्त जोर लावतो, आणखी कडा उडतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी खाचेची वाटी झालेली असते. मग छिन्नी येते, मग डोक्याच्या मधोमध अंदाजाने ड्रिल, ते सरकून झाकणात आणि बॉडीत. शेवटी दोन रुपयांच्या स्क्रूपायी अख्खा मास्टर सिलेंडर बदलावा लागतो.

जोर कमी पडला म्हणून हे घडत नाही. बाजारातला साधा प्लस ड्रायव्हर फिलिप्स घाटाचा असतो, आणि जपानी वळणाच्या गाड्यांवरचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, घाटाचे. दोन्ही दिसायला सारखेच, पण फिलिप्सचं टोक जेआयएसच्या खाचेत तळापर्यंत उतरत नाही, तरंगत राहतं, आणि पीळ दिला की चढून बाहेर येतं. जेआयएस स्क्रूच्या डोक्यावर बहुधा एक बारीक ठिपका असतो, तो शोधा. जेआयएसचा ड्रायव्हर फिलिप्स स्क्रूवरही बरा चालतो, उलट चालत नाही. त्यामुळे दोन नंबर आणि तीन नंबर असे दोनच जेआयएस ड्रायव्हर घेतले तरी पुरतं. व्हेसलसारख्या जपानी कंपन्यांचे इथे ऑनलाइन मिळतात. दहा स्क्रूड्रायव्हरच्या स्टँडपेक्षा हे दोन कधीही श्रेष्ठ.

उघडायची रीत अशी. खाचेतली माती सुईने काढा. स्क्रूच्या भोवती भेदक (गंजात मुरणाऱ्या) तेलाचा थेंब सोडा आणि थांबा. निदान अर्धा तास खरोखर थांबा. घाई करणाऱ्यांची सगळी हानी हा अर्धा तास न थांबल्याने होते. ड्रायव्हर खाचेत उभा धरून त्याच्या डोक्यावर हातोडीचे दोन हलके ठोके द्या, त्याने आट्यांतला क्षार तडकतो. मग वळवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर ठेवून पीळ द्या. खाच थोडी झिजली असेल तर टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा, पकड वाढते. इंजिन कव्हरच्या स्क्रूंना हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर उत्तम, पण मास्टर सिलेंडर हँडलवर लटकत असताना त्यावर तो नको.

एवढं करूनही डोकं गेलंच, तर ४ मिमीच्या ड्रिलने सावकाश फक्त डोकं उडवा. डोकं सुटलं की ताण जातो. झाकण वर येतं आणि उरलेला दांडा पक्कडीत धरून अनेकदा हातानेच फिरतो. सांडलेलं ब्रेक ऑइल लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं. नवीन स्क्रूंच्या आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्या.

अर्ध्या इंची रॅचेटने सगळं आवळणं

बाजारात रॅचेटच्या (गोटी फिरवायच्या दांड्याच्या) ड्राइव्हची, म्हणजे गोटीत बसणाऱ्या चौकोनी टोकाची, मापं सुतात सांगतात: दोन सूत म्हणजे पाव इंच, तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश, चार सूत म्हणजे अर्धा. नवखा माणूस मजबूत म्हणून चार सुताचा रॅचेट घेतो आणि त्यानेच साइड पॅनलपासून ऑइलच्या ड्रेन बोल्टपर्यंत सगळं आवळतो. हिशेब करा. पाव मीटर लांबीच्या हँडलवर ३० किलोचा ओढा, म्हणजे साडेसात किलोग्रॅम-मीटर, सुमारे ७४ न्यूटन-मीटर (पिळाचा जोर मोजायचं एकक). मोटरसायकलच्या एम१२ ड्रेन बोल्टला साधारण २० ते ३० सांगितलेलं असतं, आणि बोल्ट बसतो तो अॅल्युमिनियमच्या आट्यांत. एम६ची गोष्ट आणखी नाजूक, तिथे १०-१२ न्यूटन-मीटर म्हणजे मनगटाचं काम. आटे गेले की हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवणं आलं, आणि तेही नीट बसवणारा कारागीर शोधणं आलं.

बाइकसाठी तीन सुताचा रॅचेट मुख्य ठेवा, पाव इंची छोट्या बोल्टसाठी, अर्धा इंची फक्त एक्सल आणि कारच्या चाकांसाठी. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा टाका. जुना वॉशर गळतो म्हणून लोक जास्त आवळतात आणि तिथेच आटे जातात.

टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला क्लिक वाजणारा) घेणार असाल तर एकच घेऊन भागत नाही. क्लिक पान्याचा खालचा पाचवा हिस्सा भरवशाचा नसतो. २० ते १०० न्यूटन-मीटरचा पाना एम६च्या कामाचा नाही, त्यासाठी ५ ते २५चा वेगळा लागतो. त्याने कधीही बोल्ट सोडवू नका. काम झालं की सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्या खाली नको. क्लिक ऐकल्यावर ‘अजून थोडं’ म्हणून ओढणाऱ्याने हा पाना घेऊच नये. रोज वापरत असाल तर वर्षातून एकदा तपासून घ्या.

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या. रॅचेटला पाइप लावू नका, आतला दात तुटतो. जाम बोल्टला लांब टॉमी बार (गोटी फिरवायचा बिनदाताचा दांडा) घ्या. एअर गनवर (हवेच्या जोराने नट फिरवणाऱ्या यंत्रावर) क्रोमच्या चकचकीत गोट्या लावू नका, त्या फुटून तुकडे डोळ्यात जातात. गनला जाड, काळ्या इम्पॅक्ट गोट्याच. स्क्रू पाना (तोंड कमी-जास्त होणारा) पेटीत असू द्या, पण नटावर लावायचं पहिलं हत्यार म्हणून नको. पक्कडीच्या दांड्यावरचं रंगीत रबर विजेपासून वाचवत नाही. १००० व्होल्ट आणि दुहेरी त्रिकोणाची खूण नसेल तर चालू लाइनवर ती नेऊ नका. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी.

जुनी हत्यारं घ्यायला हरकत नाही. मुंबईच्या नागदेवीत नवी घ्या, पुण्याच्या जुन्या बाजारात जुनी, पण तिथे रिंगचं तोंड आतून बोटाने चाचपून बघा. कोपरे गोलसर लागले किंवा तोंड बाहेर फाकलेलं वाटलं तर ठेवून द्या. घासून नवं केलेलं पॉलिश झीज झाकतं. नवा बोल्ट खिशात न्या आणि बसवून बघा. जुन्या, जाड पोलादाच्या पान्यांवर माझा नव्या स्वस्त मालापेक्षा जास्त विश्वास आहे.

पेटी

पेटी हत्यारांच्या आधी घेऊ नका. सहा महिने कापडी पाऊचमध्ये काम करा, मग कळतं किती लागतं. घरच्या वापराला वरून दोन्ही बाजूंना उघडणारी पाच कप्प्यांची लोखंडी पेटी पुरते. तिची मोठी उणीव म्हणजे सगळं खाली एका ढिगात पडतं, म्हणून वरच्या कप्प्यांत पाने आणि गोट्या, खाली हातोडी, टॉमी बार, पुलर (घट्ट बसलेले भाग ओढून काढणारा). उचलायच्या आधी भरून वजन करा. वीस किलोच्या पुढे गेली की ती दोन पेट्यांत वाटा, नाहीतर कडीचे रिव्हेट सुटतात आणि पाठही.

गॅरेजला चाकांचं ड्रॉवरचं कपाट घेताना रंग बघू नका, ड्रॉवर बघा. एक ड्रॉवर पूर्ण ओढून त्यावर दोन्ही हातांनी दाब द्या. बॉल बेअरिंगचा स्लाइड वाकत नाही, साधा पत्र्याचा खाली झुकतो. जड हत्यारं खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. वरचे दोन-तीन ड्रॉवर एकदम उघडले की भरलेलं कपाट पुढे कलंडतं. एका वेळी एकच उघडेल असं कुलूप असलेलं कपाट मिळालं तर थोडे पैसे जास्त द्या.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईच्या किनाऱ्याला पेटीचा खरा शत्रू खारी हवा. गोणपाट किंवा वर्तमानपत्र तळाशी घालू नका, दोन्ही ओल धरतात. रबरी मॅट घाला, कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. जूनच्या आधी सगळे पाने पुसून मशीन ऑइलने भिजवलेल्या फडक्याचा हात द्या, आणि पावसाळाभर पंधरा दिवसांनी पुन्हा. पावसात वापरलेलं हत्यार ओलं पेटीत गेलं तर एका रात्रीत शेजारच्या चार हत्यारांना गंज धरतो. रॅचेटच्या डोक्यात मात्र जाड ग्रीस भरू नका, त्याने दात चिकटतात आणि जोर लावताना निसटतात. तिथे हलक्या तेलाचे दोन थेंब, वर्षातून एकदा डोकं उघडून, पुसून.