जुन्या शेवी पिकअपमध्ये नवं इंजिन टाकताय? या चुका टाळा

मी टेक्सासमध्ये राहतो, गॅरेजमध्ये १९७० ची शेव्हरोले (शेवी) सी-१० पिकअप आहे, आणि तिच्यात २००४ च्या सिल्व्हराडोचं, म्हणजे शेव्हरोलेच्याच नव्या पिकअपचं, ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलंय. या इंजिनांच्या कुटुंबाला एलएस म्हणतात, म्हणून इथे या अदलाबदलीला एलएस स्वॅप म्हणतात. डॅलस-ह्युस्टनकडचे दोन-तीन मराठी मित्र आता असंच काम काढायच्या विचारात आहेत आणि सगळ्यांचे प्रश्न तेच तेच, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. इंजिनातली मोडतोड फार कमी लोकांना भोवते. भोवतं ते जुनं आणि नवं जिथे एकमेकांना जोडलं जातं तिथलं, म्हणजे पेट्रोलचा पाइप, अर्थिंग, पाण्याची नळी, इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर, पॅडल. इंजिन स्वतः गरीब बिचारं चालायला तयारच असतं.

आधी एक गोष्ट, ताकद वाढवायच्या आधी ब्रेक बघा. माझ्या गाडीत मूळचं २५० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, १५५ हॉर्सपॉवर, तेसुद्धा त्या काळच्या ग्रॉस मापाने, म्हणजे नुसतं इंजिन बाहेर ठेवून मोजलेलं. ५.३ चं इंजिन (कंपनीचं नाव एलएम७) वर्षानुसार २७० ते २९५ देतं आणि हे नेट माप आहे, म्हणजे गाडीतल्यासारखं सगळं जोडून मोजलेलं. १९७० च्या सी-१० ला चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढच्या डिस्क १९७१ पासून स्टँडर्ड आल्या. आता जवळपास दुप्पट ताकद आणि पन्नास वर्षांपूर्वीचे ड्रम, वर आतून गंजलेल्या ब्रेकच्या नळ्या, हे जमत नाही. ज्यांनी "आधी इंजिन चालू करू, ब्रेकचं नंतर बघू" म्हटलं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं ते नंतर कधी आलंच नाही, कारण इंजिन चालू झालं की गाडी रस्त्यावर न्यायचा मोह कुणालाच आवरत नाही. मी पुढे डिस्क टाकल्या, सगळ्या नळ्या नव्या केल्या, मगच इंजिनला हात लावला.

पत्र्याचंही तसंच. या मॉडेलला गंज ठरावीक जागी लागतो, केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालचे रॉकर, फ्लोअरचे सपोर्ट, आणि काचेखालच्या काउलच्या आत, जिथे पानं साचून ओल धरते. रॉकर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी-तिरकी पट्टी वेल्ड करून घ्या, नाहीतर केबिन दोन-चार मिलिमीटर बसतं आणि मग जन्मभर दार नीट लागत नाही. आणि रंग सगळ्यात शेवटी. इंजिन-गिअरबॉक्स किमान दोनदा आत-बाहेर होतंच, एकदा मापासाठी आणि एकदा कायमचं. रंग आधी मारलात तर पहिल्याच वेळी क्रेनचा हूक फेंडरवर ओरखडा काढणार.

इंजिन विकत घेताना

भंगार यार्डात १९९९ ते २००७ च्या ट्रकांची ५.३ इंजिनं अजून मिळतात. पण सगळी ५.३ एक नाहीत. २००५ नंतर हळूहळू जी पुढची पिढी आली त्यातल्या बऱ्याच इंजिनांत कमी लोडवर चार सिलिंडर बंद करायची सिस्टिम आहे आणि तिचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) खराब होतात ही सगळ्यांना माहीत असलेली तक्रार. शिवाय क्रँकच्या सेन्सरची चकती वेगळी, जुनीला २४ खाचांचा हिशोब आणि नवीला ५८, त्यामुळे एकाचा इंजिन कॉम्प्युटर दुसऱ्याला सरळ चालत नाही. कॅमचा सेन्सरसुद्धा जुन्यात ब्लॉकच्या मागे आणि नव्यात पुढे. पहिल्यांदाच करत असाल तर जुन्या पिढीचंच घ्या.

अजून एक, ७०६ नंबरची हेड (सिलिंडरांवरची झाकणं) असतील आणि त्यावर कास्टेकचा शिक्का असेल तर जपून, त्यातली काही हेड आतून तडकतात आणि पाणी हळूहळू गायब होतं, बाहेर कुठेच थेंब दिसत नाही. ऑइल फिलरचं झाकण काढून आत दुधट साय दिसली तर ते इंजिन सोडून द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन एका गाडीचं, वायरिंग दुसरीचं आणि कॉम्प्युटर तिसरीचा असं करू नका. २००३ पासून या ट्रकना थ्रॉटलची केबल नाही, ॲक्सिलरेटर पूर्ण इलेक्ट्रॉनिक. मग पॅडल, फायरवॉलवरचा थ्रॉटलचा मॉड्यूल आणि कॉम्प्युटर हे तिन्ही एकाच गाडीचे हवेत. मी पहिल्यांदा फक्त इंजिन आणि वायरिंग आणलं, पॅडल एका विक्रेत्याकडून वेगळं मागवलं, त्याने "चालेल" म्हणून सांगितलं, आणि मग दोन शनिवार इंजिन आयडलच्या (ॲक्सिलरेटर न दाबता असतो त्या मंद वेगाच्या) वर जाईना. शेवटी त्याच वर्षाच्या ट्रकचा मॅचिंग सेट आणला तेव्हा सुटलं.

ऑइल प्रेशर येत नाही? ओ-रिंग बघा

यावर जरा जास्त लिहितो कारण हीच चूक इंजिन मारते.

ट्रकचा मूळ ऑइल चेंबर खोल आहे. सी-१० मध्ये तो क्रॉसमेंबरच्या (चेसिसच्या आडव्या तुळईच्या) खाली लोंबतो, गाडी खाली उतरवलेली असेल तर पहिल्या स्पीड ब्रेकरला अडकणार. म्हणून लोक कमी खोलीचा चेंबर टाकतात, आणि चेंबर बदलला की पंपाकडे ऑइल ओढणारा आतला पिकअप पाइपही बदलतो. हा पाइप पंपाला फक्त एका बोल्टने धरलेला असतो आणि सांध्यात एक रबरी ओ-रिंग. या ओ-रिंगा वेगवेगळ्या जाडीच्या येतात, रंगही वेगळे, आणि कुठल्या पाइपला कुठली ते ठरलेलं आहे. चुकीची टाकली किंवा बसवताना चिमटली तर पंप तिथून हवा ओढतो. इंजिन सुरू होतं, आवाज छान, प्रेशरचा काटा आयडलला दहा पीएसआयच्याही खाली, वर लिफ्टरची टकटक.

माझं नेमकं हेच झालं. मला वाटलं सेन्सर खराब, तो बदलला. मग वाटलं पंप गेला. चेंबर पुन्हा उतरवला तेव्हा ओ-रिंगच्या एका बाजूला नखाएवढा काप दिसला, बसवताना पाइप थोडा तिरका गेला होता बस एवढंच. नवी रिंग, तिला ऑइल लावून, पाइप हाताने सरळ आत ढकलला, मग बोल्ट. गरम इंजिनला आयडलवर ३५ पीएसआय आलं. आता कुणालाही मी एकच सांगतो, पहिल्यांदा सुरू करायच्या आधी स्पार्क प्लग काढून ठेवा, इंधन बंद ठेवा, आणि नुसत्या स्टार्टरवर मेकॅनिकल गेजमध्ये प्रेशर येईपर्यंत फिरवा. प्रेशर दिसल्याशिवाय इंजिन पेटवू नका. लिफ्टर टकटकायला लागले की तिथेच थांबा, "जरा चालू दे, येईल प्रेशर" म्हणून बेअरिंग घासू नका.

पेट्रोल

जुन्या कार्ब्युरेटरला ५ ते ७ पीएसआय पुरायचं, या इंजेक्शनला ५८ लागतं. म्हणजे दहापट. जुना रबर होज तोच ठेवला तर तो फुगतो, फुटतो, आणि ६७ ते ७२ च्या सी-१० मध्ये टाकी कुठे आहे, तर केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे! म्हणजे तुमच्या पाठीला लागून. इथे काटकसर अजिबात नको. इंजेक्शनसाठी रेट केलेलाच होज, त्याचेच क्लॅम्प, आणि जमत असेल तर टाकी मागे चेसिसमध्ये, माल ठेवायच्या हौद्याखाली न्या.

पंप टाकीच्या आतला घ्या. बाहेर चेसिसला लावलेले पंप आवाज करतात, तापतात, आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की कोरडे पडतात. टाकीत अडथळ्याच्या पट्ट्या नसतील तर पाव टाकीवर गाडी उजवीकडे वळताना आचके देते, आणि लोक ट्युनिंगला दोष देत बसतात. प्रेशरसाठी सोपा उपाय म्हणजे १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर, त्यातच ५८ चा रेग्युलेटर आहे, टाकीजवळ लावायचा, रिटर्न तिथूनच परत. जुनी टाकी ठेवणार असाल तर आतली चिकट साय आणि गंज साफ केल्याशिवाय नवा पंप टाकू नका, आठवड्यात जाळी चोंदते.

अर्थिंग

माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मेकॅनिक होते. माझी गाडी सुरू व्हायची, मग मधेच मिसिंग, काटे नाचायचे, फॅन चालू केला की आयडल पडायचं, स्कॅनरवर रोज नवा एरर कोड. तीन सेन्सर बदलून झाले. व्हिडिओ कॉलवर बाबांना बोनेट उघडून दाखवलं तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अरे, अर्थिंग कुठून घेतलंस?" मी दाखवलं, चेसिसवर. "रंगावर?" मी म्हटलं, "बाबा, बोल्ट घट्ट आहे." ते म्हणाले, "बोल्ट घट्ट असून काय उपयोग, खाली रंग आहे ना. खरवड तो."

खरवडला. चेसिसला मी नवी पावडर कोटिंग केली होती आणि तिच्यातून करंट जातोय कसा? चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासलं, बॅटरी ते इंजिन जाड केबल, इंजिन ते चेसिस एक, इंजिन ते केबिन एक, आणि हेडच्या मागे वायरिंगचे जे अर्थ येतात ते तिथेच नीट बसवले. सगळे कोड त्याच संध्याकाळी गेले. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनला लावा, स्टार्टर मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कच्चं आहे. पाच मिनिटांचं काम आहे, सेन्सर विकत घ्यायच्या आधी करा.

सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडते

हे बहुतेक वेळा चोरीविरोधी सिस्टिममुळे. कॉम्प्युटरला मूळ गाडीची किल्ली आणि मॉड्यूल सापडत नाही म्हणून तो इंजेक्टर बंद करतो. ट्युनिंग सॉफ्टवेअरमधून ते बंद करून घ्यावं लागतं. त्याच वेळी मागचे ऑक्सिजन सेन्सर बंद करणं, फॅनचं तापमान, टायरचं माप हेही करून घ्या. पुढचे ऑक्सिजन सेन्सर मात्र लागतातच, आणि त्यांच्या आधी सायलेन्सरच्या सांध्यात लीक असेल तर बाहेरची हवा आत जाते, सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, कॉम्प्युटर पेट्रोल ओतत राहतो. काळा धूर, मायलेज पडलेलं, आणि दोष इंजेक्टरला. आधी गॅस्केट बघा. हवा मोजणारा सेन्सरही वळणाला चिकटून लावू नका, आधी थोडा सरळ पाइप हवा.

गाडी हीट मारते

या इंजिनांच्या हेडला वरच्या टोकाला वाफेसाठी छोट्या तोट्या असतात. बघताना किरकोळ वाटतात म्हणून बरेच जण बंद करून टाकतात. मग हेडमध्ये हवा अडकते, तिथलं पाणी उकळतं, काटा मात्र कधी नॉर्मल आणि कधी एकदम वर. तिथून निघणारी नळी रेडिएटरच्या वरच्या भागाला किंवा त्याच्या पाण्याच्या टाकीला जोडलीच पाहिजे. पाणी भरताना गाडीचं नाक उंच ठेवा, हीटर चालू ठेवा. जुना रेडिएटर नवीन इंजिनला पुरतो का, तर चोंदलेला असेल तर नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) पूर्ण आत बसलाय का ते बघा. बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं तोंड) इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (क्रँकवरची चकती) यांच्यात साधारण एक अष्टमांश इंच फट राहिली पाहिजे, बोल्ट लावताना तो पुढे ओढला जातो. फट नसेल आणि तुम्ही बोल्ट आवळून दोघांना जवळ आणत असाल तर गिअरबॉक्सचा पंप फुटलाच म्हणून समजा. जुना टीएच-३५० गिअरबॉक्स ठेवणार असाल तर क्रँकच्या मागे स्पेसर लागतो, नव्या क्रँकचं तोंड आत सरकलेलं आहे. इलेक्ट्रॉनिक ४एल६०ई गिअरबॉक्स टाकलात तर क्रॉसमेंबर मागे जातो, प्रोपेलर शाफ्टचं माप बदलतं, ते गाडी चाकांवर उभी असताना घ्या, जॅकवर असताना नाही. आणि जुना केबलवाला स्पीडोमीटर त्याला जोडता येत नाही, सिग्नल बदलणारा डबा लागतो.

पुढचे पट्टे, पुली हेही एकाच सेटचे ठेवा. कॉर्व्हेट, कॅमेरो आणि ट्रक यांच्या पुलींची खोली वेगळी आहे, मिसळल्या की पट्टा उडतो. ट्रकचा एसी कंप्रेसर खाली असतो, तो सी-१० च्या चेसिसला लागतो, त्यासाठी वर बसणारा ब्रॅकेट घ्या, चेसिस कापत बसू नका.

पुण्या-मुंबईतले मित्र विचारतात की जुन्या जीपला असं करता येईल का. इंजिनिअरिंग तेच, पण तिथे इंजिन नंबर आरसीवर असतो आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यामुळे पाना हातात घ्यायच्या आधी आरटीओत जाऊन लेखी परवानगी घ्या, नंतर नाही.

पहिले शंभर मैल घराच्या आसपासच फिरवा. मग गाडी थंड करून माउंट, सायलेन्सर आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा, खाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. सीट पुढे ढकलून टाकीवरच्या होजवरून बोट फिरवून वास घ्या. बोट ओलं लागलं तर त्या दिवशी बॅटरी काढून ठेवा, गॅरेजचं दार उघडं ठेवा आणि गाडी बाहेर काढू नका.