नव्या देशात पहिले काही महिने: तब्येतीची कामं

डॉक्टर शोधायचा तो धडधाकट असताना. अंगात ताप असताना परक्या भाषेतला अर्ज भरणं जिवावर येतं. शिवाय बऱ्याच देशांत तज्ज्ञाकडे थेट जाता येत नाही, आधी नोंदणी केलेल्या फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते. राहण्याचा पत्ता पक्का झाला की त्याच आठवड्यात नोंदणी उरका. विम्याच्या कागदात संरक्षण कोणत्या तारखेपासून आहे, जुने आजार धरलेत का आणि मानसिक उपचार त्यात येतात का, हे आधी बघा. दातांचा खर्च बहुधा वगळलेला असतो.

चालू औषधांची यादी जवळ ठेवा, पण ब्रँडची नावं लिहू नका. ती देशागणिक बदलतात. औषधातला मूळ घटक आणि मिलिग्रॅम लिहा. तिथेही गंमत आहे: पॅरासिटामॉलला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. त्यामुळे तापाची गोळी आणि वर तोच घटक असलेलं सर्दीचं औषध घेतलं की नकळत दुप्पट डोस पोटात जातो. निरोगी प्रौढाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. त्यापुढे यकृताला धोका. रक्तातल्या साखरेचा आकडा १२६ वरून एकदम ७ वर आलेला दिसला तर दचकू नका. ते मिलिमोल या वेगळ्या एककातलं माप आहे, १८ ने गुणलं की जुना आकडा मिळतो.

लसीकरणाची नोंद हरवली असेल तर गोवराच्या लसीचे दोन डोस, किमान २८ दिवसांच्या अंतराने, पुन्हा देतात. पूर्वी घेतले असले तरी जादा डोस सहसा बाधत नाही. गरोदरपणात मात्र ही लस टाळतात. क्षयाची त्वचेवरची चाचणी करणार असाल तर ती लसीच्याच दिवशी करा, नाहीतर लसीनंतर किमान चार आठवडे थांबा, कारण गोवराच्या लसीने निकाल तात्पुरता दबू शकतो. लहानपणी क्षयाची बीसीजी लस घेतली असेल तर याच चाचणीत खोटा पॉझिटिव्ह निकाल येऊ शकतो, म्हणून रक्ताच्या इग्रा चाचणीबद्दल विचारा.

खरी पंचाईत दवाखान्यात बोलताना होते. मनावरचा ताण पुष्कळदा डोकेदुखी, पोटदुखी, छातीतली धडधड होऊन बाहेर येतो, आणि डॉक्टर तेवढंच ऐकून गोळी लिहून देतात. जाण्याआधी चार ओळी कागदावर मांडा: त्रास कधीपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, झोप किती, भूक कशी. वेळ ठरवतानाच दुभाषी मागा आणि बोलीसकट भाषा सांगा. धाकट्या भावंडाला दुभाषी म्हणून नेऊ नका. त्याच्यासमोर तुम्ही निम्मं बोलणारच नाही, आणि उरलेलं ते आपल्या समजुतीने सांगेल.

झोप बिघडते ती फोनमुळेही. घरच्यांची निवांत संध्याकाळ अनेकदा तुमची मध्यरात्र असते. रोज थोडं थोडं बोलण्यापेक्षा आठवड्यातल्या दोन वेळा ठरवून घ्या. प्रवासाने हललेलं शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळतं. त्यानंतरही झोप लागत नसेल, किंवा उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर डॉक्टरांना दाखवा. जीव द्यावासा वाटला तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, तातडीच्या क्रमांकाला फोन. लागला की सर्वात आधी पत्ता सांगा. मध्येच तुटला तरी गाडी पोहोचू शकते.