पेंटआधी गाडीची बीडिंग, हँडल, लोगो उतरवताना या चुका टाळा

‘मास्किंग करतो ना, म्हणजे टेप लावून झाकतो, मग उघडायचं कशाला?’ ज्या शेडमध्ये हे ऐकू येतं, तिथला दरवाजा पुन्हा रंगायला येतोच.

काचेखालच्या बाहेरच्या बीडिंगला (काचेला टेकणाऱ्या पट्टीला) नुसती टेप लावली की तिच्या कडेखाली वॉटर पेपर, म्हणजे घासायचा कागद, पोचत नाही. तिथला जुना रंग चकचकीतच राहतो, वर पॉलिश आणि मळ. नव्या रंगाला धरायला काही मिळत नाही. टेपच्या काठाशी क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) जाड होऊन बारीक कंगोरा उठतो, आणि बीडिंग हलली की पापडी तिथूनच सुटते. एका पांढऱ्या हॅचबॅकचे डावीकडचे दोन्ही दरवाजे असेच रंगवले होते. गाडी दिली तेव्हा काम झकास दिसत होतं. पुढे वॉशिंगला प्रेशरचा फवारा नेमका त्या कंगोऱ्यावर बसला आणि पुढच्या दरवाजाचा क्लिअर वीतभर सोलून निघाला. दोन्ही दरवाजे परत घासायचे, प्रायमर, रंग, क्लिअर, सगळं पहिल्यापासून. वाचवला होता अर्धा तास.

पण बीडिंग उतरवताना घाई केली तर ती वाकते, हेही तितकंच खरं. मधोमध पेचकस घालून उचकटणारे फार. आत धातूची पट्टी असते; एकदा मुडपली की सरळ होत नाही, आणि काचेला न टेकणारी बीडिंग म्हणजे दरवाजात पाणी. काच पूर्ण खाली घ्या. बऱ्याच गाड्यांत बीडिंगचं पुढचं टोक आरशाखाली दबलेलं असतं, म्हणून आरसा आधी. मागच्या टोकाला, दरवाजाच्या कडेवर, एखादा स्क्रू लपलेला असतो, तो शोधा. मग प्लॅस्टिकची पट्टी घालून मागच्या टोकापासून सरळ वर, चार-चार बोटं सरकत उचला. बाहेरच्या बाजूला ओढू नका.

आरशाचे नट बहुधा १० नंबरचे. शेवटचा नट काढताना आरसा दुसऱ्या हाताने धरा, नाहीतर तो वायरवर लोंबकळतो. आतल्या भोकात फडकं कोंबा; दरवाजात पडलेला नट शोधायला दरवाजाचा आतला ट्रिम, म्हणजे आवरण, काढावा लागतो.

हँडलचा स्क्रू बऱ्याच मॉडेलमध्ये दरवाजाच्या कडेवरच्या रबरी बुचामागे असतो. तो सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. पूर्ण काढला तर काही गाड्यांत आतला तुकडा खाली पडतो.

बंपरच्या क्लिपा: काहींची मधली पिन वर उचलायची, काहींची आत दाबायची. न बघता उपटणाऱ्यांनी डझनभर क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात.

लोगो पेचकसाने उचकटायचा नसतो. जागा आधी मास्किंग टेपने दोन बाजूंनी आखून घ्या. हीट गन लांब धरून, हाताला सोसेल इतपतच गरम करा, मग मासेमारीची तंगूस मागून करवतीसारखी चालवा. उरलेला डिंक अंगठ्याने गोळा करून निघतो. ब्लेड लावलंत तर ओरखडा पत्र्यापर्यंत जाईल.

काळ्या ट्रिमवर चोळलेल्या सिलिकॉन पॉलिशचा विचार तर कोणी करतच नाही. भाग उतरवल्याबरोबर, घासायच्या आधी, पॅनल ग्रीस रिमूव्हरने पुसा. आधी घासलंत तर सिलिकॉन ओरखड्यांत बसतं आणि नव्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. मग दोष रंगाच्या डब्याला.

परत बसवताना क्लिपेच्या भोकाची कड खरवडली असेल तर क्लिप लावण्याआधी टचअपच्या रंगाचा थेंब द्या. कोकणात पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरतो. लोगोला टेप नवी लावा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच दाबा. फोमच्या चांगल्या टेपला पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात, तोवर प्रेशर वॉशिंग नको.