गाळ उपशाचे दूरगामी परिणाम मोजताय? या चुका टाळा

नवीन पोरं बोटीवर चढली की पहिला प्रश्न ठरलेला, "ग्रॅब कधी टाकायचा?" ग्रॅब म्हणजे तळातला गाळ आणि त्यातले जीव उचलणारा पंजा. तो कुठे टाकायचा, हे कुणी विचारत नाही.

तुलनेची जागा चुकणं. ही चूक माझीच. मुंबई बंदराच्या जलमार्गात गाळ उपसणारा ड्रेजर चालू होता. तुलनेसाठी उपसा नसलेली जागा मी नकाशावर पट्टी ठेवून ठरवली: ३ किलोमीटर लांब, झालं काम. वर्षभर नमुने घेतले. दोन्हीकडे तेच जीव, तोच गाळ. 'परिणाम नाही' असं लिहायला बसलो, तर बोट चालवणारा आमचा तांडेल म्हणाला, "साहेब, ओहोटीला तिकडचा गढूळ सगळा हितंच येतो की." मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी ५ मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, त्या ओढीपुढे ३ किलोमीटर म्हणजे काहीच नाही. दोन्ही जागा बिघडलेल्या होत्या, म्हणून सारख्या दिसत होत्या. वर्ष पाण्यात. आता मी आधी उधाणाला आणि भांगाला (पाणी सगळ्यात कमी चढतं-उतरतं तेव्हा), भरती-ओहोटी दोन्हीत, गढूळपणा मोजत बोट फिरवतो. तुलनेच्या जागा किमान तीन घेतो. आणि तांडेलाला विचारतो, तेही आधी.

नुसती डोकी मोजणं. उपशानंतर काही महिन्यांनी ग्रॅबमध्ये जीव पूर्वीपेक्षा जास्त निघतात, की लगेच अहवालात 'परिसंस्था सावरली'. अरे, आलंय कोण ते तरी बघा! कॅपिटेलासारखे बारीक पॉलिकीट कृमी मोकळ्या गाळात तणासारखे माजतात. वर्षानुवर्षं जगणारे शिंपले कुठे आहेत? मी प्रजाती, वजन आणि शिंपल्यांची लांबी तिन्ही नोंदवतो. कंटाळवाणं आहे, पण शॉर्टकट मला माहीत नाही. न्यूवेल आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या आढाव्यातला खाडीच्या चिखलासाठीचा '६ ते ८ महिने' हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. वाळू-खडीला २-३ वर्षं लागतात, हे त्यातच असलेलं वाक्य कुणी वाचत नाही. शिवाय जलमार्ग पुन्हा पुन्हा उपसला, तर घड्याळ दर वेळी शून्यावर येतं.

मे महिन्याची तुलना ऑक्टोबरशी करू नका, मधे पावसाळा असतो.

गाळातून जीव वेगळे करायची चाळणी ०.५ मिलिमीटरची ठरली की तीच. १ मिलिमीटरची लवकर धुऊन होते, हे मलाही माहीत आहे.

अर्धवट मिटलेला ग्रॅब फेकून द्या, 'चालतंय' म्हणू नका.

आणि उपसलेला गाळ टाकतात कुठे? तिथे एकही नमुना न घेतलेले अहवाल मी पाहिलेत, छान बांधणीतले.